नावाडीण हात पुढे करते

४ फेब्रुवारी
भाचीने माझ्या मोबाईलवर तो गेम घालून दिला. तळं, धुकं, एक नाव. मी नावाडीण! "मावशी, बोलायचं ते नुसतं लिही. करायचं ते दोन चांदण्यांच्या मध्ये." म्हणजे असं – *नावाडीण वल्हं उचलते*. या वयात हे थेर! पण दुपारी चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नसतं. काच घासायचं चाक बंद करते आणि लिहीत बसते. तळं काउंटरपर्यंत येतं.

७ फेब्रुवारी
या तळ्यावर आणखीही पोरं खेळतात, त्यातली एक टोपलीवाली. आज शोभा झाली. लिहिलं – *नावाडीण हात देते. टोपलीवाली तो धरून नावेत बसते*. सगळी पोरं तुटून पडली. भाची म्हणाली, "आपण हात पुढे करायचा फक्त. धरायचा की नाही, ते तिचं ती लिहील."

कुठेतरी लागलं ते. आई गेल्यावर तिची खोली मीच आवरली. शिलाई मशीन ताईला नकोच असणार, हे माझं मीच ठरवलं आणि देऊन टाकलं. ताई त्याच मशीनवर शिवण शिकली होती. दोन वर्षं झाली, ताई माझ्याशी बोलत नाही. तिची लेक तेवढी येऊन-जाऊन असते.

८ फेब्रुवारी
दिवसभर धुकं – गेममध्ये. बाहेर लख्ख ऊन.

१२ फेब्रुवारी
काठावर नवीन कोणीतरी आलंय. राखाडी शाल. लिहिते काय, तर – *काठावर उभी राहते

बस, एवढंच. शेवटची चांदणी लावतच नाही. त्यामुळे वाटतं, ती अजून उभीच आहे. भाचीला विचारलं, कोण गं ही? "मला काय माहीत," म्हणाली. भलतीच घाईने म्हणाली.

१५ फेब्रुवारी
शालवाली रोज तीनच्या सुमाराला येते. मी नाव काठाला लावते. ती – *पाण्याकडे बघते

ताई असेल? छे. ताईला मोबाईलचा तिटकारा. पण मन वाहवतं ते वाहवतंच. काचेची कड घासताना हाताखालून पाणी वाहतंय असं वाटत राहिलं. छान वाटलं. ताईची फार आठवण आली.

१९ फेब्रुवारी
लिहून टाकलं. शालवाली ताई असो, नसो.

*नावाडीण वल्हं खाली ठेवते. तिला रडू येतंय, ती लपवत नाही* मशीन तुला न विचारता द्यायला नको होतं. माझं चुकलं. *हात पुढे करते*

पुढचं वाक्य बोटांवर आलं होतं. लिहिलं नाही. टोपलीवालीने विचारलं, "तळ्यात मशीन कुठून आलं?"

२० फेब्रुवारी
शालवाली आली नाही.

२१ फेब्रुवारी
आजही नाही. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. मालकांनी ऐकवलं. बरोबरच आहे त्यांचं.

२४ फेब्रुवारी
तीन वाजता ताई दुकानात आली. चष्म्याची दांडी तुटली होती. काउंटरवरून हात पुढे केला आणि थांबले.

तिने चष्मा माझ्या हातावर ठेवला. आपला हात काढून घेतला नाही.

"ती दुसरी चांदणी," म्हणाली, "लावायची राहूनच जाते गं माझ्याकडून."