संयत आम्लाची बाटली

१ जुलै, मंगळवार

आज आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं. मंद्रूपच्या शाळेत ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी होती, पण आत खो-खोचे खांब आणि फुटकी लेझीम. नववीला आत्याकडे सोलापूरला आलो तो यासाठीच. घरच्यांना वाटतं इंग्रजी सुधारावं म्हणून आलो.

खिडक्या उंच, वास उग्र. सिंकमागच्या भिंतीवर खालून वर गेलेला एक काळा डाग आहे. प्रयोगशाळेचे परिचर मल्लिनाथमामा म्हणाले, मागं एका पोरानं घाई केली होती. पुढचं सांगेनात.

घाई करणारी मुलं वेगळी. मी शिस्तीतला आहे.

संकल्प: दिवाळीपर्यंत सगळे प्रयोग तोंडपाठ. वर्षाअखेर आदर्श प्रयोगकर्ता. असं बक्षीस शाळेत नाही, सुरू करायला सांगता येईल.

३ जुलै, गुरुवार

पहिलं प्रॅक्टिकल. लिटमस. माझा निळा कागद आम्लात बुडवायच्या आधीच लाल झाला. रुक्साना मॅडमनी विचारलं, डब्यात काय होतं. लिंबाचं लोणचं होतं. सगळी बॅच हसली.

माझ्या मते यातून माझी बोटं किती संवेदनशील आहेत हे सिद्ध झालं. पार्टनर मनाली पण हसली. रोल नंबर शेजारी म्हणून ती पार्टनर, मी निवडलेली नाही. सेमी-इंग्लिशची आहे.

परीक्षानळी तापवताना मल्लिनाथमामांनी न बोलता माझा हात धरून नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं. प्रयोग चालू असला की मामा कुणाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. फक्त हातांकडे बघतात. जरा विचित्र वाटतं.

४ जुलै, शुक्रवार

मामांबद्दल मनालीकडून कळलं. कंत्राटी आहेत. करार दर वर्षी नवा होतो. आधीच्या परिचराला एका तक्रारीवर घरी बसवलं म्हणे. म्हणून मामा बाटल्यांना इतकं जपतात. चौथीपर्यंत शिकलेत. कुठली बाटली कुठं, ते जागेवरून ओळखतात. म्हणाले, मला जागा पाठ हाय, अक्षर न्हाय.

ही पद्धत अजिबात शास्त्रीय नाही. काहीतरी केलं पाहिजे.

८ जुलै, मंगळवार

मोठी बातमी. जुनी लेबलं पिवळी पडून गळायला आलीत. मॅडम आठवडाभर प्रशिक्षणाला बार्शीला चालल्यात. जाताना वर्गात विचारलं, अक्षर कुणाचं चांगलं आहे. मी उभा राहिलो. शुद्धलेखनात तालुक्यात पहिला आलो होतो हेही सांगितलं. विचारलं नव्हतं, पण माहीत असलेलं बरं.

मॅडम म्हणाल्या, लेबलं जशीच्या तशी उतरवायची, बाटलीचं बूच उघडायचं नाही, जागा बदलायची नाही. तीन वेळा म्हणाल्या. मोठी माणसं एक गोष्ट तीन वेळा का सांगतात कळत नाही.

९ जुलै, बुधवार

मधल्या सुट्टीत काम सुरू. डाव्या कोपऱ्यातल्या जड बाटलीवर लिहिलंय: ‘संहत सल्फ्युरिक आम्ल’.

संहत! असा शब्दच नाही. ‘संयत’ असणार. मुख्याध्यापक परवा म्हणाले होतेच, विद्यार्थ्यांनी संयत भाषा वापरावी. संयत म्हणजे शांत, सौम्य, आवरलेली. कुणीतरी ‘य’च्या जागी ‘ह’ लिहिला आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मंद्रूपहून एकाला यावं लागलं.

खाली इंग्रजीत ‘कॉन्क.’ असंही आहे. तेही लगेच उलगडलं. एसटीच्या पासाच्या फॉर्मवर क्लार्कनं हेच लिहिलं होतं. कन्सेशन. म्हणजे सवलत. म्हणजे सौम्यच. दोन भाषांतून एकच निष्कर्ष, याला पुरावा म्हणतात.

मनाली म्हणाली, संहत म्हणजे स्ट्राँग, तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलंय, एकदा डिक्शनरी बघ. तिला म्हटलं, सेमीवाल्यांनी मला मराठी शिकवू नये. ती म्हणाली, बघ बाबा, आणि डबा घेऊन निघून गेली.

‘जशीच्या तशी’ हे शुद्ध मजकुराला लागू. चूक जशीच्या तशी उतरवणं हा भाषेवर अन्याय आहे.

१० जुलै, गुरुवार

‘विरल सल्फ्युरिक आम्ल’ अशीही एक बाटली निघाली. विरल म्हणजे विरळा. क्वचित मिळणारं, मौल्यवान. तरी उघड्या फळीवर! ती उचलून कपाटात वर ठेवली. ‘जपून वापरा’ असं लिहिलं.

सगळ्या बाटल्या अकारविल्हे लावल्या. मामांची पंचाईत होऊ नये म्हणून रंगांची पद्धत काढली. निळी चौकट म्हणजे बिनधोक. लाल चौकट म्हणजे मॅडमना विचारा. संयत आम्लाला निळी, कंसात ‘सौम्य’ असंही लिहिलं. मामांना समजावून सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. डाव्या कोपऱ्यातली कुटं गेली, विचारलं. दाखवली. उचलून म्हणाले, ही लई जड लागती. म्हटलं, भरलेली आहे म्हणून.

ते मान हलवत काहीतरी कानडीत बोलले. अक्कलकोटकडचे आहेत. काळजी वाटली की कानडीत बोलतात, असं मनाली म्हणते.

११ जुलै, शुक्रवार

शाळेच्या पँटला मांडीवर बारीक भोकं. चार. बाटली पुसताना बुचाजवळचं थोडं सांडलं होतं, पण त्याचा काही संबंध नाही. सौम्य आहे. कापडच हलकं. आत्या नागूबाई म्हणाली, नव्या पँटीला म्हैन्यात भोकं पडत्यात व्हय, लई शाना झालायस, काय सांडलंस खरं सांग. मी म्हटलं, उंदीर.

आत्याच्या घरात उंदीर नाहीत. आता तिला वाटतंय आहेत. पिंजरा मागून आणला.

१४ जुलै, सोमवार

ज्या फडक्यानं बाटली पुसली होती ते आज हातात घेतलं तर तुकडे पडले. फडकं जुनं. टेबलावर बाटलीच्या बुडाएवढा काळा गोल उमटलाय. टेबलही जुनं. या शाळेत सगळंच जुनं आहे, आणि हे कुणीतरी संस्थेच्या लक्षात आणून द्यायला हवं.

जुनी लेबलं पुरावा म्हणून ठेवणार होतो. नंतर वाटलं, कशाला पसारा. जाळली.

१६ जुलै, बुधवार

मॅडम आल्या. आल्या आल्या ऑनलाइन माहिती भरायचं काम मागं लागलं. वरांड्यात विचारलं, लेबलं झाली का, जशीच्या तशी ना, मी एकदा बघायला हवीत. म्हटलं, मी स्वतः तपासलीत मॅडम. हसून म्हणाल्या, गुणी आहेस.

गुणी! घरी फोन करून सांगितलं.

मनालीनं विचारलं, संहतचं सांगितलंस का. मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, मग मी सांगू? म्हटलं, माझ्या कामात नाक खुपसू नकोस. तिचा चेहरा उतरला. बरं, म्हणाली. मैत्रीत थोडी शिस्त लागतेच.

१७ जुलै, गुरुवार

उद्या आठवीचं आम्लांचं प्रॅक्टिकल. मामा सकाळीच ड्रॉपरच्या छोट्या बाटल्या धुऊन त्यांत आम्ल भरून ठेवतात. मला म्हणाले, पोरा, निळी म्हंजे बिनधोक, व्हय न्हवं? म्हटलं, हो. परत विचारलं. परत हो.

आज झोप येत नव्हती. उकडत होतं.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी अकरा. काय झालं ते क्रमानं लिहितो.

मामांनी छोट्या बाटल्या धुतल्या. आत थोडं पाणी राहिलं होतं, ते नेहमी राहतं. निळ्या चौकटीची बाटली उचलली. मी दारात होतो. मोठी बाटली तिरकी केली. तेल ओतावं तसं जाड, संथ आलं. पाण्यात पडलं आणि तडतडलं. छोटी बाटली त्यांच्या हातातच फुटली.

मामा ओरडले नाहीत. डावा हात मनगटाजवळ धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, लांब हो.

मॅडम पळत आल्या. नळाखाली हात धरला. किती वेळ ते माहीत नाही. तास संपल्याची घंटा झाली, दुसरी झाली, नळ चालूच होता. मग रिक्षातून दवाखान्यात.

संध्याकाळ. आत्या म्हणाली, जेवला न्हाईस. पोट दुखतंय म्हणालो.

१९ जुलै, शनिवार

तर्काने विचार करू. अपघाताला अनेक कारणं असतात. एक, ओल्या बाटल्या. दोन, मामांनी चष्मा लावला नव्हता. तीन, मॅडमनी लेबलं तपासायला हवी होती. चार, जुन्या लेबलवर कठीण शब्द वापरणारा. पाचवं सुचेल.

मुख्याध्यापकांनी मामांना विचारलं म्हणे, अशी चूक कशी झाली. मामा म्हणाले, बाटली निळी होती. निळी म्हणजे काय हे मुख्याध्यापकांना कळलं नाही. तेवढ्यावर हा माणूस बेफिकीर आहे असं ठरलं. मामांना मेमो. महिनाअखेर करार बंद करायचा, असं ऑफिसात चाललंय.

लेबलाबद्दल कुणी अजून काही विचारलं नाही. ती बाटली मॅडमनी आपल्या कपाटात ठेवली.

२० जुलै, रविवार

डिक्शनरी पाहिली. लायब्ररी बंद म्हणून मोबाइलवर.

संहत: घट्ट, दाट, तीव्र. कॉन्सन्ट्रेटेड.
विरल: पातळ.

मोबाइलवरच्या माहितीचा भरवसा नसतो. तीन ठिकाणी पाहिलं.

संकल्प: सोमवारी सकाळी परिपाठात सर्वांसमोर कबुली देणार. भाषण तयार. अकरा वाक्यं. भावनिक तरी संयमित. आरशासमोर म्हणून पाहिलं, चांगलं झालं.

२१ जुलै, सोमवार

परिपाठात माइक बिघडला होता. विना माइक अकरा वाक्यं मागच्या रांगेत पोहोचली नसती. उद्या.

२२ जुलै, मंगळवार

माइक चालू. आज परिपाठ आठवीचा होता. दुसऱ्यांच्या दिवशी आपण मधे घुसणं बरं दिसत नाही.

मामा मेमोचं उत्तर द्यायला आले होते. हाताला कोपरापर्यंत पट्टी. उत्तर ऑफिसातल्या क्लार्कनं लिहून दिलं, मामांनी खाली सही केली. सहीला फार वेळ लागतो त्यांना. मी वरांड्यातून पाहिलं. ते माझ्याकडे बघून हसले, नेहमीसारखं. हसायला नको होतं त्यांनी.

२३ जुलै, बुधवार

मनाली बोलली, शुक्रवारनंतर पहिल्यांदा. म्हणाली, मी तेव्हाच मॅडमना सांगायला पाहिजे होतं, मला रोज रडू येतं. म्हणाली, उद्या तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार, मग तू माझ्याशी जन्मात बोलू नकोस.

मी म्हटलं, मी योग्य वेळेची वाट बघतोय.

ती म्हणाली, मामांचा करार पण वाट बघतोय.

२४ जुलै, गुरुवार

सांगितलं. परिपाठात नाही. स्टाफरूमच्या दारात. अकरा वाक्यं आठवली नाहीत. मॅडम, ते लेबल मी बदललं, एवढंच.

मॅडम उठल्या. मग कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवली. माझं अक्षर, निळी चौकट. म्हणाल्या, मला शुक्रवारीच कळलं होतं. न बघता तुला गुणी म्हणाले ती चूक माझी, मुख्याध्यापकांना मी तसं लिहून दिलंय. पण तुझं तू येतोस का, ते बघत होते. सहा दिवस लावलेस.

मुख्याध्यापकांनी मेमो मागे घेतला. करार राहणार. मला लॅब वर्षभर बंद. मॅडम म्हणाल्या, आता मामांच्या घरी जा, एकटा.

संध्याकाळी गेलो. पत्र्याची खोली, दारात मामा पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसले होते. करंगळी आणि शेजारचं बोट मिटत नाही, डॉक्टर म्हणतात बघू. सगळं सांगितलं, शब्दाचा अर्थसुद्धा. मामांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त एक विचारलं. लिहिताना तुला शंका आली न्हवती का रं, एकदाबी?

नाही म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं.

आली होती. नऊ तारखेला, बाटली पहिल्यांदा उचलली तेव्हाच. फडक्याचे तुकडे पाहिले तेव्हा. मामांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर नक्कीच. यातलं एकदाही इथं लिहिलं नाही.

आली होती, म्हणालो.

मामा म्हणाले, मग विचारायचं की.