पाऊण इंच कमी

प्रिय ग्रेचेन,

आधी खुर्ची ओढून बस. तुझी आई ठीक आहे. डोक्याने ठीक आहे असं म्हणतेय मी, गुडघ्यांबद्दल बोलत नाही. ते तू शाळेत होतीस तेव्हापासून कुरकुरतायत. हे वाक्य कधी एकदा तुला लिहून पाठवते असं मला झालं होतं. आता घर विकून देणाऱ्या त्या माणसाला कळव, की ओडीलियाचं घर विकायचं नाही, आणि मिनियापोलिसच्या वृद्धाश्रमात तू तिच्यासाठी धरून ठेवलेली खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. का, ते सांगते. थोडं लांबेल, पण तुझ्या बाप्तिस्म्यापासून मी तुझी धर्ममाता आहे, तेवढा हक्क मला आहे.

तुला शिवणकामात कधीच रस नव्हता, तेव्हा मुळापासून सांगायला हवं. यंदा आमच्या शिवणमंडळाने चर्चच्या जत्रेसाठी होकायंत्राची गोधडी करायला घेतली. प्रत्येक चौकोनात मधोमध एक होकायंत्र, त्याला सुईसारखी किरणं. इतकी बारीक टोकं नुसतं कापड कापून जुळत नाहीत, म्हणून ती कागदावर शिवतात. नमुना कागदावर छापलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, त्याच क्रमाने शिवायचं. कापड लावायचं कागदाच्या मागच्या, कोऱ्या बाजूला आणि टीप मारायची पुढून, छापलेल्या रेघेवर. म्हणजे शिवताना कापड दिसतच नाही. म्हणून आधी कागद खिडकीशी उजेडात धरायचा आणि तुकडा रेघेबाहेर चहूकडून पाव इंच तरी उरतोय ना, ते पाहायचं. उरत नसेल तर तिथेच मोठा तुकडा घ्यायचा, कारण नंतर उसवायला गेलं की कागद फाटतो आणि तोंडून जे निघतं ते आमच्या सिस्टर लुडविनांच्या कानावर पडू नये असं असतं. टाके एकदम बारीक घालायचे, म्हणजे शेवटी कागद टिपेवरून अलगद सुटतो. इस्त्री कोरडी ठेवायची, वाफेने कागद वाकडा होतो. आणि शिवून झालं की कागदाच्या बाहेरच्या रेघेवर पट्टी ठेवून, जोडणीसाठी सोडलेल्या मायेसकट, सरळ कापायचं. हे सगळं आम्हाला शिकवलं कुणी? तुझ्या आईने. नवीन कुणीही आलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, कापडाकडे बघू नका बायांनो, कापड ताणतं, सरकतं. कागद सांगेल तसंच करा.

मेमध्ये सगळ्यांनी आपापले चौकोन आणून चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर मांडले. तुझ्या आईचा एकही चौकोन शेजारच्या चौकोनाशी जुळेना. बारा इंचांचा हवा, तिथे पाऊण इंच कमी. लव्होनचं तुला माहीत आहेच, मंडळाची अध्यक्ष झाल्यापासून ती आवाज खाली आणून बोलते. तिने तुझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे गं ओडीलिया. तू आता आमच्या कॉफीचं तेवढं बघत जा." चाळीस वर्षं जिने या गावाला शिवायला शिकवलं, तिला कॉफीचं बघायला सांगितलं. मी लव्होनला काय बोलले ते इथे लिहीत नाही. फादरना ते वरपर्यंत ऐकू गेलं, एवढं पुरे.

तुझ्या आईने चौकोन गोळा करून पिशवीत घातले. त्याच संध्याकाळी लव्होनने तुला फोन केला हे मला मागाहून कळलं. मग तू आलीस आणि आई गेल्या वर्षभरात काय काय विसरली ते मला ऐकवलंस. गॅसवर दूध राहिलं, तुला तिने स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. अगं, यातलं एकेक मी दर महिन्याला करते, आणि मला कुणी मिनियापोलिसला नेत नाही, कारण मला मुलगी नाही. तू काळजीपोटीच सगळं केलंस, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी राग आलाच. आणि त्याहून जास्त राग आला तो तुझ्या आईचा, कारण ती सरळ हो म्हणाली. घर विका म्हणाली. मी चिडून जाब विचारला तर म्हणाली, "फिल, ज्या बाईला बारा इंच मोजता येत नाहीत, तिने एकटं राहू नये." तिचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, आणि मलाही रात्री कधी कधी वाटायचं, खरंच असेल का?

मग परवा मंगळवारी मी तिच्याकडे सामान बांधायला गेले. शिवणाच्या कपाटातून ती पिशवी निघाली. फेकून दे म्हणाली. मी फेकली नाही, टेबलावर सगळे चौकोन पसरले आणि पट्टी घेतली. पहिला पाऊण इंच कमी, दुसराही पाऊण इंच कमी, तिसराही तेवढाच. किरणांची टोकं मात्र अशी, की लव्होनने सात जन्म घेतले तरी तिला जमायची नाहीत. ग्रेचेन, ज्याचं डोकं भरकटतं तो एकदा इकडे चुकेल, एकदा तिकडे चुकेल. एकसारखं, काटेकोर, दरवेळी तेवढंच चुकणं हे काम डोक्याचं नाही, मोजमापाचं आहे. तिने अजून कागद काढलेले नव्हते, कारण चौकोन एकमेकांना जोडेपर्यंत ते काढायचे नसतात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन छापलेला असतो, तो बरोबर एक इंच भरला तर नमुना खरा. मी पट्टी लावली. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कमी. बारा इंचांत तोच पाऊण इंच होतो. सगळा नमुनाच आक्रसून छापला होता. बाकीच्यांचे कागद चर्चच्या ऑफिसातल्या मशीनवर निघाले होते. तुझ्या आईचे घरी निघाले, तू ईस्टरला आणलेल्या नव्या प्रिंटरवर. तूच छापून दिलेस. तो प्रिंटर न सांगता पान थोडं लहान करून छापतो. कागद सांगेल तसं करा, असं गावाला शिकवणाऱ्या बाईने कागदाचं तंतोतंत ऐकलं.

मी काही डॉक्टर नव्हे, म्हणून काल तिला डुब्यूकला डॉक्टरांकडेही घेऊन गेले. त्यांनी निवांत तपासलं. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले, आणि दूध उतू जाण्याबद्दल म्हणाले की माझ्याही घरी जातं. परतताना ती गाडीत आधी हसली, मग बराच वेळ रडली. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली आणि मीही रडले, पण हे तिला कळलेलं नाही. लव्होनला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती माफी मागायला सफरचंदाचा गोड पाय भाजून घेऊन आली. खायला बरा होता.

प्रिंटरचं तुला सांगायचं नाही, अशी तुझ्या आईने मला शपथ घातली आहे. पोरीने प्रेमाने छापून दिले होते, तिला वाईट वाटेल, म्हणते. मी शपथ मोडते आहे, पण प्रिंटरसाठी नाही. प्रिंटरची चूक कुणाकडूनही होते. गेले तीन रविवार तुझा फोन तिने उचलला नाही, आणि तू मला विचारलंस की ती फोनही विसरायला लागली का. विसरली नव्हती. शेजारी बसून वाजू देत होती. तू दर रविवारी विचारायचीस ना, आज वार कोणता, जेवायला काय केलंस, गोळ्या किती घेतल्या? चुकू नये म्हणून ती सकाळपासून कॅलेंडर आणि वर्तमानपत्र पुढे घेऊन पाठ करत बसायची, आणि तुझं नाव दिसलं की पुन्हा एकदा वार बघून घ्यायची. घर सोडायला ती तयार झाली ती आश्रमासाठी नाही, ही परीक्षा संपावी म्हणून. हे ती तुला कधीच सांगणार नाही. म्हणून मी सांगते आहे. या रविवारी फोन कर. ती उचलेल. आणि ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे, असं तिला काहीही विचारू नकोस.

तुझीच,
फिलोमीना मावशी