रविवार, सकाळी आठ

प्रिय धाकट्या,

गेले चार दिवस मी स्टुलावर बसून कारभार हाकते आहे, हे आधी नोंदवून घे. झालं असं, की चौकशी समितीत माणसं तीन आणि हातांच्या खुर्च्या कॉलेजच्या अख्ख्या इमारतीत, माझी सोडून, दोन. हात नसलेल्या खुर्चीत बसून न्याय करता येत नाही असं अध्यक्षांचं मत पडलं आणि माझी खुर्ची न्यायदानाला गेली. जाताना पाठीची उशीही घेऊन गेली. मी लेखी हरकत घेतली. ती 'पाहिले' असा शेरा लेवून माझ्याकडेच परत आली, कारण हरकती फाईलला लावायचं काम माझंच. एकोणपन्नासाव्या वर्षी पाठ न टेकता आठ तास काढणं म्हणजे काय ते तुला सांगून कळायचं नाही. तू अजून चाळिशीच्या अलीकडे आहेस, आणि अलीकडची माणसं उर्मट असतात.

आईचे गुडघे बरे आहेत. हे आत्ताच सांगून टाकते, कारण फोनवर आपण दोघं त्या गुडघ्यांपलीकडे कधी जात नाही, आणि आज मला जायचं आहे.

चौकशी कुणाची, ते सांगते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. ऑफिसात तिला सगळे 'स्टेपलर' म्हणतात, कारण अर्जाला जोडपत्रं टाचण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. सकाळी तास करते, दुपारी औषधांच्या दुकानात उभी राहते, पाच वाजता सुटते. घरी एका खोलीत सहा माणसं, म्हणून अभ्यास कॉलेजच्या अभ्यासिकेत. ती अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असायची. दोन महिन्यांपूर्वी वीजबिलाकडे बोट दाखवून ती पाचला बंद व्हायला लागली. म्हणजे ही सुटणार आणि तिथे कुलूप लागणार. स्टेपलरला यावर बोलायचं होतं. तिने रीतसर अर्ज दिला, मी रीतसर परवानगी दिली: रविवार, सकाळी आठ, सायकल स्टँडमागचं पटांगण. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मॅडम, रविवारी आठला तिथे असतं कोण?" मी म्हटलं, "शांतता असते." शिपाई फिसकन हसला. ती हसली नाही.

मंगळवारी दुपारी बाराला ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि नऊ मिनिटं बोलली. माइक नाही, घोषणा नाही. पण दोनशे मुलं जमली, पायऱ्या अडल्या, वरच्या मजल्यावरचा तास बंद पडला आणि रसायनच्या सरांचा ट्रे गर्दीत आडवा झाला. तक्रारीत सरांनी लिहिलंय, 'एकवीस परीक्षानळ्या व एक तास यांचे नुकसान.' त्यातलं मोठं नुकसान कुठलं, ते मात्र मोघमच ठेवलंय. आरोप एकच: दिलेल्या परवानगीचा भंग. शिक्षा एक वर्ष निलंबन. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाते, आणि शिष्यवृत्ती गेली की ही मुलगी जन्मभर त्या दुकानाच्या काउंटरमागे. हे समितीला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

नियम तुला माहीत आहे, पण तो कुठून आला ते माहीत नसेल. मी इथे लागले त्याच महिन्यात तळमजल्यावर अंध मुलांची परीक्षा चालू होती. शेजारी बसलेला लेखनिक प्रश्न वाचून दाखवतो, मूल उत्तर सांगतं, लेखनिक लिहितो. खिडकीबाहेर कुणाची तरी सभा, दोन कर्णे. आत लेखनिक ओरडून ओरडून वाचतोय आणि मुलांना एक अक्षर कळत नाही. एक मुलगी कोरा पेपर हातात धरून बाहेर आली आणि विचारत होती, "हा कुणाकडे द्यायचा?" मी तिथेच उभी होते. त्यानंतर नियम झाला: तीन दिवस आधी अर्ज करावा, वेळ व जागा कार्यालय ठरवील. नियम चांगला होता, धाकट्या. आजही कुणी त्याला हात लावला तर मी आडवी पडेन.

पण 'वेळ व जागा कार्यालय ठरवील' या पाच-सहा शब्दांत मला एक अख्खं संस्थान सापडलं. 'नाही' म्हटलं की दारात मोर्चा येतो. 'हो' म्हटलं की माणूस 'थँक्यू मॅडम' म्हणून जातो. मग मी सगळ्यांना हो म्हणायला लागले आणि सगळ्यांना रविवार द्यायला लागले. साप मरतो, काठी शाबूत. प्राचार्य पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "मॅडमच्या काळात आमच्याकडे बोलण्यावरून एक तक्रार नाही." कशी असेल? मी कुणाचं तोंड कधी दाबलं नाही. समोरचे कान तेवढे काढून घेतले.

बुधवारी साक्षीला बोलावलं. माझ्याच खुर्चीतून अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा, परवानगी नाकारली होती का?" मी म्हटलं, "नाही." खरंच होतं ते. त्यांनी स्टेपलरकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. ती म्हणाली, "नाही सर, मॅडमनी नाकारली नव्हती." बस्स. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही उलटं ओरडता आलं असतं. मी बाहेर आले आणि शिपायावर चहा गार म्हणून खेकसले. चहा गरम होता.

त्या दुपारी मी परवानगीच्या वह्या काढल्या आणि मोजत बसले. पंधरा वर्षांत अर्ज दोनशे अकरा. नाकारले शून्य. रविवार एकशे अठ्ठ्याण्णव, उरलेल्या तेरा सुट्ट्या. गुरुवारी हा तक्ता आणि वर एक ओळ समितीकडे दिली: परवानगी नाकारली नव्हती, ऐकायला कुणी नसेल अशी दिली होती, आणि हे मी समजून उमजून केलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये घेतलं. "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, "नाही ना सर. पंधरा वर्षांत एकानेही विचारलं नाही." त्यांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "तुमची दोन वर्षं राहिलीत हो पदोन्नतीला." म्हटलं, "राहू देत."

काल निकाल लागला. स्टेपलरचं वर्ष वाचलं, पायऱ्या अडवल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती मिळायलाच हवी होती, पायऱ्या कुणाच्या बापाच्या नाहीत. मला खुलासा मागणारी नोटीस आली आहे. तिची पोच मीच लिहिली. मग स्टेपलरला नवी परवानगी दिली: मंगळवार, मधली सुट्टी, वीस मिनिटं, वाचनालयाच्या पायऱ्या, अर्ध्या पायऱ्या जायला-यायला मोकळ्या, माइक नाही, परीक्षेच्या दिवसांत नाही. चार ओळींत मावलं. ती वाचून म्हणाली, "हे आधीही जमलं असतं का मॅडम?" मी म्हटलं, "हो." तिने मान हलवली, कागद टाचला आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघाली. आभार मानले नाहीत. मानले असते तर मला कुठे बघावं ते कळलं नसतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या वहीतला पहिला रविवार तुझा आहे. प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचा हात अ‍ॅसिडने भाजला आणि काम जमत नाही म्हणून त्यांना काढलं, त्यावर तुला बोलायचं होतं. माझी नोकरी नवी होती, आणि अर्जावर माझ्याच भावाचं नाव पाहून मला घाम फुटला. बाकीचे एकशे सत्त्याण्णव मी तुझ्यावर गिरवले. त्या दिवशी जेवताना आईने विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बरीच गर्दी होती." मी तुला वाढत होते. मला माहीत होतं कुणी नव्हतं, कारण मी तिथे होते, ऑफिसच्या मागच्या खिडकीत. कुणी येत नाही ना, एवढं बघायला गेले होते आणि शेवटपर्यंत उभी राहिले. तू सायकलींसमोर बारा मिनिटं बोललास. कागदाकडे एकदाही पाहिलं नाहीस. चांगलं बोललास रे. शेवटी विचारलंस, "कुणाला काही विचारायचंय?" आणि खरंच थांबलास, समोर हात वर होताहेत की काय असं बघत. मग म्हणालास, मामांच्या अर्जावर सह्या घेणार आहे, आणि घडी घालून कागद खिशात ठेवलास. मला एक प्रश्न होता. मी विचारला नाही, तो आज विचारते. त्या अर्जावर कर्मचाऱ्यांनी सही केली तर चालणार होती का?

अजूनही तुझीच,
ताई