भेटीचं कारण

२ नोव्हेंबर २०२०, रिंगास्किडी, आयर्लंड

सुट्टी मंजूर. दहा दिवस. मॅनेजर म्हणाली, "आत्ता? घानाला? लेव्हल फाइव्हचं लॉकडाउन चालू आहे." म्हटलं, भावाला आणायला जातेय. तिने सही केली.

एप्रिलमध्ये इंद्रनील तापाने गेला. नोकरीच्या गावी, घानातल्या तेमाला. विमानं बंद. मी इथे प्लांटमध्ये गोळ्यांच्या बॅचेस तपासत बसलेले. त्याच्या रूममेटने, चारुदत्तने, अग्नी दिला. अस्थी सात महिने त्याच्याच कपाटात आहेत.

आणि सांगलीला आईला अजून माहीत नाही. तिची बायपास झालेली. बाबांचा एकच धोशा – "तिला कळता कामा नये." म्हणून रोज खोटं. नेटवर्क नाही. कामात आहे. काल बोलला, मजेत आहे.

५ नोव्हेंबर

कॉर्कला यलो फीव्हरची लस. पिवळं कार्ड मिळालं, ते दहा दिवसांनी लागू होतं. त्याशिवाय अक्रा विमानतळावर आत सोडत नाहीत. मलेरियाच्या गोळ्याही दिल्या, आठवड्याला एक. नर्स म्हणाली, "स्वप्नं पडतील जरा. बाकी ग्रँड."

इंद्रचे व्हॉइस मेसेज परत ऐकले. ईस्टरला मी त्याच्याकडे जाणार होते, तेव्हाचे. "ताई, पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव, बॅगेत नको. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नकोस, वाईट दिसतं इथे. आणि मच्छरदाणी माझ्याकडे आहे, तू आणू नकोस."

मच्छरदाणी होती त्याच्याकडे.

९ नोव्हेंबर

व्हिसाचा फॉर्म. भेटीचं कारण – पर्यटन, व्यवसाय, कुटुंबभेट. कुटुंबभेटीवर खूण केली. कोणाला भेटणार? इंद्रनीलचं नाव लिहून मोकळी झाले. पत्तासुद्धा लिहिला. मग लक्षात आलं. फॉर्म फाडला, नवा प्रिंट काढला, चारुदत्तचं नाव घातलं. आमंत्रणाचं पत्रही त्याचंच आहे.

१५ नोव्हेंबर

रात्रपाळी करून दुपारी झोपले होते. स्वप्नात इंद्र किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, काहीतरी शोधत होता. पाठमोरा. "ताई, गोळ्या कुठे ठेवल्यास?" जागी झाले तर प्रेसचं दार उघडं. मीच ठेवलं असणार.

आता घरात सगळे दिवे दिवसासुद्धा लावून ठेवते.

२१ नोव्हेंबर

व्हिसा आला. आईला सांगितलं, घानाला चाललेय, इंद्रकडे. मागे बाबा खोकले. आई म्हणाली, "जा. जाऊन ये."

त्याच्यासाठी हे ने, ते ने, काही नाही. मसाला नाही, लाडू नाहीत. मे महिन्यापासून त्याच्याशी बोलायचा हट्टही नाही. आमच्यावर इतका विश्वास टाकते, याचीच जास्त लाज वाटते.

२६ नोव्हेंबर

पीसीआर निगेटिव्ह. बहात्तर तासांच्या आत पोचायचं आहे. चारुदत्तचा मेसेज – मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आपल्या वकिलातीचं पत्र, तिन्ही तयार. "ताई, तिन्ही हातात ठेवा. परत जाताना विचारतात."

२८ नोव्हेंबर, अक्रा

उतरल्यावर विमानतळावरच पुन्हा टेस्ट. नाकात काडी, अर्धा तास खुर्चीवर. पुन्हा निगेटिव्ह. बाहेर आले तर गरम हवा अंगावर आली. चारुदत्त कठड्याला टेकून उभा होता. फोटोत दिसतो त्याहून लहान वाटला. मला पाहिलं आणि रडायलाच लागला. "ताई, त्याला हॉस्पिटलला नेताना मी रिक्षासारखी गाडी पळवली हो त्या दिवशी." मीच त्याला धरलं.

घरी नेलं. कपाटातून कलश काढला, पांढऱ्या फडक्यात बांधलेला. किती हलका. इंद्र सहा फूट होता.

पलंगावर मच्छरदाणी अजून टांगलेली आहे. आज मी तिच्यात झोपणार आहे.

२९ नोव्हेंबर

सकाळी आईचा फोन. पोचलीस का, जेवलीस का. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शुभदा, येताना त्याला सामानात टाकू नकोस. मांडीवर घेऊन बस. आणि मला माहीत आहे, हे बाबांना सांगू नकोस. त्यांना झेपायचं नाही."