कूकाबऱ्याला जबाब

अब्बा,

आखातात, अहमदीच्या ज्या बंगल्यात तुम्ही स्वयंपाक करायचात, तिथले ऑस्ट्रेलियन साहेब उन्हाळ्याच्या रजेवर गेले आणि तुम्ही त्यांचा कूकाबरा पिंजऱ्यासकट आपल्या फहाहीलच्या खोलीत घेऊन आलात. खंड्यासारखाच, पण केवढा तरी मोठा. पंखांवर निळा रंग, शेपूट तांबूस. "मादी आहे," तुम्ही म्हणालात. "नराची शेपूट निळी असते." अम्मा गावी वारली त्याला वर्ष होत आलं होतं. तुम्हांला करून घालायला म्हणून मी बोटीने आले होते, वीस वर्षांची. आपण एका ताटात जेवायचो आणि तुम्ही "मीठ दे" यापलीकडे बोलत नव्हता. त्या पाखराशी मात्र बोलायचात. ती मटणाचा तुकडा चोचीत धरून दांडीवर आपटते, मेलेल्यालाच पुन्हा मारते, आणि तुम्ही हसता. मला हेवा वाटतो.

पहाटे ती कर्कश ओरडायची आणि मध्येच थांबायची. एकदा गच्चीवर येऊन पाहते तर तुम्हीही तिच्यासारखे ओरडताय! मला हसू फुटलं. तुम्ही चिडलात. "हसतेस काय गो? तिकडे झाडीत यांचं सगळं घरदार मिळून ओरडतं. हिला जबाब द्यायला कुणीतरी नको?"

ऑगस्टच्या उकाड्यात तिने खाणं सोडलं. तुम्ही ओली गोणपाटं टांगलीत, चमच्याने पाणी पाजलंत. चौथ्या दिवशी ती गेली. तुम्ही पिंजऱ्यापाशी बसून ढसाढसा रडलात, आणि मी बोलून गेले, "अम्मासाठी नाही रडलात, पाखरासाठी रडता?" तुम्ही डोळेसुद्धा पुसले नाहीत. "ती गेल्याची तार आली तेव्हा मी गावी निघायला इथे बोटीची वाट बघत होतो. एकटा. कुणासमोर रडू?"

साहेबांनी परत आल्यावर तुम्हांला एका शब्दाने दुखावलं नाही. मी मात्र दुखावलं होतं, आणि माफी मागायची राहून गेली.

तुम्हांला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकणार? पण तुम्ही होतात तेव्हाही मला हे सांगवलं नाही. अम्मा अंथरुणाला खिळली तेव्हाच म्हणाली होती, "त्यांना बोलावून घे." मी आठ दिवस तार केलीच नाही. बरी होईल, तुम्हांला उगाच घोर नको, असं वाटलं. तुम्ही शेवटपर्यंत बोटीलाच दोष देत राहिलात, अब्बा, आणि मी देऊ दिला.