हाताने बसवलेलं शून्य

सोमवार, ३ तारीख
आज नोकरीवर रुजू झालो. इमारत सात मजली, सगळी काचेची. माझी खोली तळघरात, पण स्वच्छ, थंडगार. समोर तीन पडदे. प्रत्येक दालनाच्या छताला, माझ्या खोलीच्याही, एक डोळा आहे, तो माणसं मोजतो; पडद्यावर माणसागणिक एक ठिपका दिसतो. माणूस असेल तर दिवा लागतो, हवा खेळते. आकडा शून्य झाला की दहा मिनिटांनी दिवा बंद, हवा बंद, दाराला कुलूप. मी फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. ताई म्हणाली, बसून पगार, नशीब काढलंस रे.

मंगळवार, ४
सातव्या मजल्यावरच्या रिकाम्या दालनात आकडा एक दिसतो. जाऊन पाहिलं, खुर्चीसुद्धा नाही. साहेबांना फोन केला. ते दुसऱ्या कचेरीत बसतात. म्हणाले, डोळा बिघडलाय, हाताने शून्य बसव, तुझ्या जागेवरचे आधीचे काका तेच करायचे. मी विचारलं, आत खरंच कोणी असेल तर? हसले. म्हणाले, सांग त्याला, लिफ्ट उजवीकडे आहे.
बसवलं. हाताने बसवलेल्या शून्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. लगेच कुलूप.

बुधवार, ५
त्या दालनात कोंदट हवेचा आकडा सकाळपासून चढत होता. काकांच्या वहीत लिहिलंय, कोंदटपणा श्वासाने वाढतो. तीन वाजता चढायचा थांबला.
धावत गेलो. दालन रिकामं. दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, बोटांचे ओले ठसे.

गुरुवार, ६
सहाव्यावर एक. हात धजेना. साहेब कडाडले, बिल काय तुझा बाप भरणार? बसवलं. दुपारी पाचव्यावर एक. मग चौथ्यावर. जिथे कोंडावं तिथून ते खाली येतं. आणि कोंडणारा मीच.

शुक्रवार, ७
तिसरा, दुसरा.
काकांच्या वहीतली शेवटची ओळ : पहिला मजला, एक, शून्य बसवलं. पुढे कोरं. साहेब म्हणतात, म्हातारा न सांगता पळाला. काकांच्या चपला माझ्या टेबलाखाली आहेत.

शनिवार, ८
सुटी आहे, पण राहवेना, आलो.
पहिला मजला – एक. मी हात लावला नाही. साहेबांनी तिकडून, त्यांच्या पडद्यावरून शून्य केलं.

दुपारी २.१०. तळघर, माझी खोली – दोन.
मी तर एकटाच –
साहेबांना फोन केला. म्हटलं, त्यातला एक मी आहे. म्हणाले, सुटीत कसला आलास, घरी जा, मी सगळीकडे शून्य लावतो. थांबा म्हणेपर्यंत ठेवला.

कुलूप पडलं. हवा बंद. फोन उचलत नाहीत. ताईचा लागत नाही. पडद्याच्या उजेडात लिहितोय.

बसवलेल्या शून्याखाली, पडद्याच्या कोपऱ्यात, डोळ्याची खरी मोजणी दिसते. दोन. कोंदटपणा भराभर चढतोय – दोघांचा –

मोजणी एक झाली.
मी लिहितोय. म्हणजे तो एक मीच. हात वर करून हलवला, पण पडद्यावर ठिपका दाराशी – मी तर खुर्चीत –