सतरा नंबरचा शर्ट

४ नोव्हेंबर
हंगाम संपला. आम्ही शेवटून दुसरे. शेवटून पहिले मेम्फिस, आमचे जन्माचे वैरी, त्यामुळे आमच्या लुईव्हिलमध्ये तसा आनंदच आहे. संकल्प : हिवाळाभर रोज व्यायाम. छत्तीस हे बेसबॉलमध्ये बॅटरमागे उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचं वय नव्हे. (गुडघ्यांना अजून कळवलेलं नाही.) क्लब मला काढेल ही भीती? छे! झोप लागत नाही ती कॉफीमुळे.

९ नोव्हेंबर
कॉफी सोडली. झोप नाहीच.
दोन्ही संघांचा आढावा घेतला. मेम्फिसकडे कॅचर तीन. खेळणार एक, बाकीचे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत टरफलं थुंकणार. बिचारे! आमच्याकडे दोनच. हर्लन खेळतो, मी बियांचं बघतो. संघाला अनुभव लागतोच. लॉर्ना म्हणाली, "मग करार का नाही पाठवला रे अजून?" बायकोला बेसबॉलमधलं कळत नाही. हे तिला सांगितलं नाही. तिचे वडील पंच होते.

१५ नोव्हेंबर
व्यायाम उद्यापासून. थंडी फार.
एजंट मर्व्ह म्हणाला, "ठेवणार की सोडणार, शुक्रवारी कळेल. तोवर शांत राहा, बाबा." शांतच आहे. फोन सारखा बघतो तो वेळ कळावी म्हणून. (समोर भिंतीवर घड्याळ आहे.)

१८ नोव्हेंबर
मेम्फिसने टकर व्हॅलेनला सोडलं! चोवीस वर्षांचा कॅचर, चेंडू फेकतो की गोळी झाडतो! असल्या पोराला सोडतात? हसून हसून पोट दुखलं.
संध्याकाळी बातमी : तो आमच्याकडे आला. पोट अजून दुखतंय, कारण बदललं.
हर्लनला काढणार, दुसरं काय! बिचाऱ्याला दोन लहान मुलं.

१९ नोव्हेंबर
टकरचा फोन! "सर, तुमचा सतरा नंबर द्याल का? कॉलेजपासून तोच घालतोय."
वाचलो! आमच्यात रीतच आहे. नव्याला जुन्याचा नंबर हवा असला तर त्याने जुन्याला काहीतरी भारी भेट द्यायची. निघालेल्या माणसाकडे कोण मागतो? म्हटलं, "बघू हं, बाळा. मला मासेमारीची बोट आवडते."
"केवढी, सर?"
"मोटर असलेली."
लॉर्ना म्हणाली, फार ताणू नकोस. ताणणार. दोन आठवड्यांनी पोटभर जेवलो.

२० नोव्हेंबर
टकर गप्प. बोटीवरून घड्याळावर आलो, तसा निरोप धाडला. उत्तर नाही. मग नुसतं जेवण घाल म्हटलं. उत्तर नाही. शेवटी फुकट दिला.
उत्तर आलं : "थँक्यू सर, पण आता गरज नाही. गसने सतराचा शर्ट शिवायला टाकलाय."
गस म्हणजे आमच्या ड्रेसिंग रूमचा कारभारी. मला न विचारता? मला बहुतेक वरचा नंबर देत असतील.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गसला फोन करून फैलावर घेतलं. माझ्या अंगावरचा नंबर मला न विचारता दुसऱ्याला दिलास कसा?
"विचारायचं ते संघातल्या माणसाला, वेंडेल." मग हळूच : "मर्व्ह बोलला नाही तुझ्याशी? अरे देवा! मी काही बोललो नाही हं, लेका."
तेवढ्यात मर्व्हचा फोन. वाजतोय. लॉर्ना दारात उभी, म्हणते, "उचल ना रे."
उचलत नाही. उचलेपर्यंत मी संघात आहे.